स्कोअरबोर्ड बनवणारं गाव: ब्रुकिंग्ज, डॅक्ट्रॉनिक्स आणि दिव्यामागची यंत्रणा

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात ब्रुकिंग्ज नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे २३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. भोवती मका आणि सोयाबीनची शेतं, गावात राज्याचं एक विद्यापीठ आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ. स्टेडियममध्ये जे महाकाय व्हिडिओ पडदे दिसतात, ते बनवणारी जगातली एक मोठी कंपनी याच गावात जन्मली आणि अजूनही तिचं मुख्यालय तिथेच आहे. नाव डॅक्ट्रॉनिक्स. ‘डकोटा’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे दोन शब्द जोडून ते तयार झालं.

१९६८ साली साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांनी, एलरेड कुर्टेनबाख आणि डुएन सँडर यांनी, ती सुरू केली. त्यांची अडचण आपल्याकडच्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावाला ओळखीची वाटेल. मुलं इथे शिकायची आणि पदवी हातात पडली की राज्य सोडून जायची, कारण त्यांच्या शिक्षणाला साजेसं काम गावात नव्हतं. काम मुलांपर्यंत आणायचं म्हणून कंपनी काढली, आणि सुरुवातीचं भांडवल मित्र, नातेवाईक आणि गावातल्या लोकांना शेअर विकून उभं केलं. विद्यार्थ्यांना शिकता शिकता तिथे अर्धवेळ काम देण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे.

या कंपनीची वाढ समजून घ्यायला बसलं की नजर आधी दिव्यांकडे जाते. पण गेल्या ५० वर्षांत दिवे दोनदा तरी मुळापासून बदलले: तारेचे बल्ब, उलटणारे चुंबकी ठोकळे, मग एलईडी. दर बदलाच्या वेळी काही जुन्या कंपन्या मागे पडल्या. डॅक्ट्रॉनिक्स टिकली, कारण तिचं खरं कौशल्य दिव्याच्या मागे होतं. कोणता दिवा केव्हा लावायचा हे ठरवणारी यंत्रणा, ती चालवणाऱ्या माणसाच्या हातातला कन्सोल, आणि बिघाड झाला तर अर्ध्या तासात भाग बदलता येईल अशी जुळणी. पुढचं सगळं विवेचन या तीन गोष्टींभोवती फिरणार आहे.

मतदानाच्या यंत्रातून निघालेला स्कोअरबोर्ड

आधी त्यांनी वैद्यकीय उपकरणं बनवण्याचा विचार केला होता. तो बाजार लहान कंपनीला झेपणारा नव्हता. मग त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांसाठी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रणा बनवली आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते युटा राज्याचं विधिमंडळ.

मतदान यंत्रणेत काय असतं ते पाहा. प्रत्येक सदस्याच्या बाकावर बटणं, म्हणजे शंभरएक ठिकाणांहून येणारे संदेश. मधोमध ते मोजणारं सर्किट. आणि भिंतीवर सगळ्या सभागृहाला वाचता येईल असा फलक. आता ‘सदस्य’च्या जागी ‘गुणलेखक’ ठेवा आणि ‘हो-नाही’च्या जागी गुण आणि घड्याळ. झाला स्कोअरबोर्ड. कंपनीला त्यासाठी नवं शास्त्र शिकावं लागलं नाही, फक्त नवं गिऱ्हाईक भेटावं लागलं.

ते गिऱ्हाईक विद्यापीठातच होतं: कुस्तीचे प्रशिक्षक. अमेरिकी कॉलेज कुस्तीत गुणांबरोबर फेरीची वेळ दाखवावी लागते, शिवाय कोणत्या मल्लाने वरचढ ताबा किती वेळ ठेवला हेही मोजावं लागतं. बास्केटबॉलसाठी भिंतीवर टांगलेल्या फलकात यातलं काहीच बसत नव्हतं. एकाच सभागृहात चार-सहा मॅटवर कुस्त्या चालू असल्या तर भिंतीवरचा एक फलक कोणाच्या कुस्तीचा, हाही प्रश्न. १९७१च्या सुमारास त्यांनी ‘मॅटसाइड’ बनवला. मॅटच्या कोपऱ्याशी जमिनीवर ठेवायचा, तीन बाजूंनी वाचता येणारा, उचलून नेता येणारा छोटा फलक. पंच, मल्ल, प्रेक्षक अशा तिघांनाही दिसणारा. खेळाच्या नियमांचा कागद आधी वाचून मग यंत्र आखायचं, ही सवय इथे लागली आणि ती फार मोलाची ठरली. प्रत्येक खेळाचं घड्याळ वेगळं चालतं. कुठे उलटं, कुठे सुलटं, कुठे शिट्टीला थांबणारं, कुठे न थांबणारं. एकच कन्सोल ठेवून त्यात खेळानुसार नियम बदलायचे, ही कल्पना पुढे ‘ऑल स्पोर्ट’ या नावाच्या कन्सोलमध्ये पक्की झाली. १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांचे फलक लागले, तेव्हा कंपनी सुरू होऊन जेमतेम १२ वर्षं झाली होती.

बल्बचे दिवस आणि त्यांची मर्यादा

जुन्या फलकावरचा एक अंक साधारण २० ते ३० बल्बचा असे. एक बल्ब २५ वॅटचा धरला आणि ‘८’ उजळला, तर एका अंकाला ५०० वॅटच्या पुढे वीज. दोन संघांचे गुण, घड्याळाचे चार अंक, फेरी, फाउल असे १२-१३ अंक म्हणजे सहा-सात किलोवॅट. घरगुती इस्त्र्या सहा-सात एकदम चालू ठेवण्यासारखंच. या उष्णतेने सॉकेट काळे पडायचे, गार रात्री तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की बल्ब तडकायचा. एका अंकातली बल्बची एक उभी ओळ गेली तर ‘८’चा ‘६’ दिसू शकतो. प्रेक्षकाला फलक बंद पडल्याचं कळतं, चुकीचा आकडा दाखवत असल्याचं कळत नाही. म्हणून हा दोष फलक बंद पडण्याहून वाईट.

बल्बवर चित्र हलवायचं तर आणखी अडचण. तार तापायला आणि निवायला वेळ लागतो, सेकंदाचा दहावा भाग तरी. त्यामुळे हलतं चित्र मागे शेपूट सोडत जातं. रंगासाठी बल्बवर रंगीत काच लावावी, तर काच बाकीचा प्रकाश खाऊन टाकते. त्यात तारेच्या बल्बमध्ये निळा प्रकाश मुळातच कमी. निळी काच लावलेला बल्ब दुपारी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

याला एक वेगळा उपाय त्या काळात निघाला. दिवा लावायचाच नाही. एका बाजूने चमकदार आणि दुसऱ्या बाजूने काळा असा ठोकळा, आणि त्याच्या मागे विद्युतचुंबक. विजेचा एक झटका दिला की ठोकळा उलटतो आणि तसाच राहतो. वीज फक्त बदलताना लागते, आणि ऊन जितकं कडक तितकं चांगलं दिसतं. डॅक्ट्रॉनिक्सने याला ‘ग्लो क्यूब’ नाव दिलं होतं. धूळ बसली की ठोकळा अडकायचा, आणि रात्री वरून झोत सोडावा लागायचा. तरीही घड्याळ आणि गुण दाखवायला ही सोय बल्बपेक्षा कितीतरी स्वस्त पडायची.

हलतं रंगीत चित्र दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यांचा मान तेव्हा जपानी कंपन्यांकडे होता. मित्सुबिशीचा ‘डायमंड व्हिजन’ १९८० साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये लागला. त्यात प्रत्येक ठिपका म्हणजे टीव्हीच्या नळीसारखी एक लहान नळी होती. जड, महाग, आणि नळीचं आयुष्यही थोडं. लहान गावातली शाळा याकडे बघूही शकत नव्हती. शाळेचा फलक हाच डॅक्ट्रॉनिक्सचा रोजचा भात-आमटीचा धंदा राहिला.

१९९३: निळा प्रकाश मिळाला

लाल एलईडी १९६२ पासून होता. पिवळसर हिरवाही होता. रेल्वे फलाटावरचे लाल-पिवळे इंडिकेटर त्या दोघांवरच चालायचे. पण लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही असल्याशिवाय पांढरा होत नाही, आणि झगझगीत निळा एलईडी कोणालाच जमत नव्हता. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो करून दाखवला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याच पदार्थापासून पुढे शुद्ध हिरवाही मिळाला. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल नाकामुरा, इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना याच कामासाठी मिळालं.

डॅक्ट्रॉनिक्स एलईडीची चिप बनवत नाही, ती बाहेरून घेते. त्यामुळे हा शोध जसा तिला उपलब्ध झाला तसा सगळ्यांनाच. फरक पडला तो तयारीचा. १९९४च्या फेब्रुवारीत कंपनीचे शेअर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आले होते, म्हणजे हातात भांडवल होतं. कन्सोल, केबल, पत्र्याचं काम, रंगकाम, सर्किट बोर्डची जुळणी हे सगळं घरचं होतं. आणि मुख्य म्हणजे शेकडो शाळा-कॉलेजं आधीपासून गिऱ्हाईक होती. १९९७ साली त्यांनी ‘प्रोस्टार’ हा एलईडी व्हिडिओ पडदा आणला. मध्ये व्हिडिओ, बाजूला गुण, खाली जाहिरातीची पट्टी, आणि सगळं एकाच कंपनीकडून. स्टेडियमला तेच हवं होतं. फलकावरच्या जाहिरातींतून फलकाचा खर्च वसूल होऊ लागला आणि शाळासुद्धा गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती विकून पडदे घेऊ लागल्या.

२०१४ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथल्या स्टेडियममध्ये त्यांनी दोन पडदे लावले. प्रत्येक ६० फूट उंच आणि ३६२ फूट लांब. एका पडद्याचं क्षेत्रफळ २१,७२० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या एकराला थोडं कमी.

पडदा आतून कसा असतो

एवढा मोठा पडदा एकसंध नसतोच. तळहाताएवढ्या ते ताटाएवढ्या चौकोनी मॉड्यूलांची ती फरशी असते. मॉड्यूल कॅबिनेटमध्ये बसतात, कॅबिनेट लोखंडी सांगाड्यावर. पडदा घेताना किंवा बनवताना चार आकडे समजले की बाकीचं आपोआप समजतं.

पहिला आकडा पिच. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. कामापुरता ठोकताळा असा: पिच जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर दूर बसलं तर ठिपके वेगळे दिसत नाहीत. पिच १० असेल तर जवळचा प्रेक्षक १० मीटरवर हवा, आणि एका चौरस मीटरमध्ये १०,००० ठिपके बसतात. पिच निम्मा केला की ठिपके चौपट होतात, आणि किंमतही त्याच दिशेने पळते. ज्या मैदानात पहिली रांगच ४० मीटरवर आहे, तिथे ४ मिलिमीटर पिच घेणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात.

दुसरा आकडा उजेड, ‘निट’मध्ये मोजलेला. घरचा टीव्ही ३०० ते ५०० निट. सभागृहातल्या पडद्याला हजारएक पुरतात. थेट उन्हात मात्र ५,००० ते १०,००० लागतात. पण नुसता उजेड वाढवून भागत नाही. ऊन पडद्यावर पडून परत डोळ्यांत येतं तेव्हा काळा रंग करडा दिसतो आणि चित्र धुवून निघतं. म्हणून मॉड्यूलचा पृष्ठभाग मंद काळा ठेवतात आणि ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीवर लहानशी छज्जासारखी पट्टी असते. ती पट्टी उन्हापासून तर वाचवतेच, पावसाचं पाणीही एलईडीवरून दूर वळवते. स्वस्त मॉड्यूलमध्ये पहिली काटछाट याच पट्टीवर होते.

तिसरा आकडा रिफ्रेश, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उजळतो. एलईडीचा उजेड कमी करायचा तर वीज कमी करत नाहीत, तो फार झपाट्याने बंद-चालू करतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. समजा कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं. पडद्याचा रिफ्रेश ९६० असेल तर तेवढ्या वेळात एक चक्रही पुरं होत नाही, आणि टीव्हीवर काळे पट्टे सरकताना दिसतात. रिफ्रेश ३,८४० असेल तर जवळजवळ चार चक्रं होतात आणि चित्र स्थिर येतं. क्रिकेटच्या सीमारेषेवरच्या जाहिरात पट्ट्यांना म्हणूनच हा आकडा मोठा लागतो. गणपती मंडळाच्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेताना काळ्या आडव्या रेषा येतात, तो पडद्याचा बिघाड नसतो, हा आकडा लहान असतो.

चौथी गोष्ट रंगांची जुळणी. कारखान्यातून निघालेले सगळे एलईडी सारखे नसतात. कोणाचा हिरवा किंचित निळसर, कोणाचा किंचित पिवळसर. उत्पादक त्यांना रंग आणि उजेडानुसार वेगवेगळ्या गटांत निवडून विकतात. एका पडद्यात दोन गटांचे मॉड्यूल मिसळले की पांढऱ्या पार्श्वभूमीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसू लागतात. चांगला कारखाना मॉड्यूल कॅमेऱ्याने मोजून प्रत्येक ठिपक्यासाठी दुरुस्तीचा आकडा साठवतो. आणि विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्याच गटातले २ ते ५ टक्के मॉड्यूल जादा घेऊन ठेवावेत. तीन वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

आता संदेश कसा पोचतो ते. नियंत्रण कक्षातून व्हिडिओ प्रोसेसर चित्र कापून सेंडिंग कार्डला देतो, तिथून नेटवर्कच्या केबलने किंवा फायबरने ते कॅबिनेटमधल्या रिसीव्हिंग कार्डकडे जातं, आणि कार्ड ते मॉड्यूलांमध्ये वाटतं. एक गिगाबिट केबल सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने साधारण साडेसहा लाख ठिपके नेऊ शकते. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. भागाकार ३.२ येतो, म्हणून चार केबली. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे फायबरच. मोठ्या मैदानात केबल शेवटच्या कॅबिनेटवर न थांबवता वळसा घालून परत सेंडिंग कार्डला जोडतात. मध्ये कुठे तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश येतो आणि सामना अडत नाही.

हेच गणित लहान फलकाला लावून पाहू

हे सगळं गावच्या कबड्डीच्या मैदानावर कसं उतरतं, ते करून पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ‘पी-१०’ नावाचं मॉड्यूल सहज मिळतं. ३२० गुणिले १६० मिलिमीटर, ३२ गुणिले १६ ठिपके, ५ व्होल्टवर चालणारं. दुकानांवरच्या सरकत्या लाल पाट्या याच्याच असतात.

कबड्डीला काय काय दाखवायचं? दोन संघांचे दोन-दोन अंकी गुण, २० मिनिटांच्या डावाचं घड्याळ आणि चढाईचे ३० सेकंद. एकूण दहा अंक. आडवे ४ आणि उभे ४ असे १६ मॉड्यूल घ्या. फलक होतो १.२८ मीटर रुंद, ०.६४ मीटर उंच, म्हणजे १२८ गुणिले ६४ ठिपके. वरच्या अर्ध्यात गुण, खालच्यात घड्याळ आणि चढाई. एका अंकाची उंची ३२ ठिपक्यांपर्यंत नेता येते, म्हणजे साडेबारा इंच. अंकाच्या उंचीचा ठोकताळा असा की १ इंच उंचीचा अंक ५० फुटांपर्यंत वाचता येतो. साडेबारा इंच म्हणजे ६०० फुटांच्या पुढे. कबड्डीच्या मैदानाला हे भरपूर झालं.

एकरंगी लाल मॉड्यूल पूर्ण उजळलं तर सुमारे २० वॅट घेतं, म्हणजे ५ व्होल्टवर ४ अँपिअर. १६ मॉड्यूलना ६४ अँपिअर. ५ व्होल्ट ४० अँपिअरचे दोन वीजपुरवठे घेऊन प्रत्येकी ८ मॉड्यूल जोडायचे, म्हणजे एकावर ३२ अँपिअर, क्षमतेच्या ८० टक्के. प्रत्यक्षात सगळे ठिपके एकदम कधीच उजळत नाहीत, पण हिशेब उजळतील असाच धरायचा.

चूक होते ती तारेत. ५ व्होल्ट ऐकायला लहान वाटतं म्हणून कोणी २.५ चौरस मिलिमीटरची एकच जोडी २ मीटर ओढून आठही मॉड्यूलना देतं. अशा तारेचा रोध मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम. जाऊन-येऊन ४ मीटर म्हणजे ३० मिलिओहम. ३२ अँपिअरला जवळजवळ १ व्होल्ट तारेतच जिरतो, तार तापते ती वेगळीच, आणि शेवटच्या मॉड्यूलला ४ व्होल्ट मिळतात. अंक फिके पडतात. रंगीत पडद्यात याचं लक्षण निराळं दिसतं: लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-हिरव्याला ३. व्होल्ट उतरले की निळा-हिरवा आधी मंदावतो आणि पांढरा रंग लालसर होतो. ‘मॉड्यूल खराब निघालं’ म्हणून ते बदललं जातं आणि दोष तसाच राहतो. उपाय सोपा आहे. वीजपुरवठा मॉड्यूलांच्या अगदी मागे लावायचा आणि दर दोन मॉड्यूलना वेगळी जोडी द्यायची. मग एका जोडीत ८ अँपिअर आणि तितक्याच लांबीत घट पाव व्होल्टहून कमी.

दुसरा नेहमीचा बिघाड संदेशाच्या चपट्या पट्टी केबलचा. ती लांब झाली किंवा वीजतारेला खेटून गेली की अंक थरथरतात, मधूनच भलते ठिपके उजळतात. केबल आखूड ठेवा, आणि मॉड्यूलांना संदेश देणाऱ्या कार्डाची व मॉड्यूलांची ऋण तार एकत्र जोडलेली आहे ना ते आधी तपासा. अर्ध्याहून अधिक वेळा दोष तिथेच सापडतो.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा हा तिसरा शत्रू. पावसाचं पाणी सील रोखतं, पण दिवसा तापलेल्या पेटीत रात्री आतल्या आत दव साचतं, त्याला सील काही करू शकत नाही. पेटीच्या तळाला पाणी निथळायला भोकं हवीत, बोर्डावर संरक्षक लेप हवा आणि स्क्रू स्टेनलेसचे हवेत. पावसाळ्यात सामने नाहीत म्हणून फलक चार महिने बंद ठेवणं तर सर्वांत वाईट. रोज अर्धा-एक तास चालू ठेवला तर त्याच्याच उबेने तो सुका राहतो.

मोठ्या फलकाला या सगळ्याच्या आधी वारा मोजावा लागतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. दाबाचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन. ६ गुणिले ३ मीटरच्या फलकावर सुमारे २१,००० न्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त आडवा रेटा, आणि आकाराचा गुणांक लावल्यावर तो आणखी वाढतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पडदा कितीही हलका असला तरी पाया आणि सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून दिल्याशिवाय उभा करू नये. इथे काटकसर करणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळणं आहे.

धंदा वाढतो तेव्हा पैसा कुठे अडकतो

डॅक्ट्रॉनिक्सने एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर भार ठेवला नाही. व्यापारी पाट्या, स्टेडियम, शाळा व उद्यानं, महामार्गावरचे वाहतूक फलक आणि परदेशी बाजार असे पाच विभाग आहेत. याचं कारण मोसमात आहे. अमेरिकी फुटबॉलचा मोसम उन्हाळा सरताना सुरू होतो, त्यामुळे मैदानांचे फलक त्याआधी उभे राहावेच लागतात, आणि नोव्हेंबर ते जानेवारी कारखान्याला काम कमी. वाहतुकीचे फलक सरकारी अंदाजपत्रकावर चालतात, दुकानांच्या पाट्या बाजाराच्या तेजीवर. सगळे एकदम मंदावत नाहीत. ब्रुकिंग्जखेरीज साउथ डकोटातच सू फॉल्स, शेजारच्या मिनेसोटात रेडवुड फॉल्स, चीनमध्ये शांघाय असे कारखाने झाले, आणि २०१४ साली आयर्लंडमधली एक फलक बनवणारी कंपनी त्यांनी घेतली.

तरीही २०२२च्या डिसेंबरात कंपनीला जाहीर करावं लागलं की, आपण चालू राहू शकू की नाही याबद्दल गंभीर शंका आहे. ऑर्डरींचा साठा तेव्हा खूप मोठा होता, आणि धोका नेमका त्यातूनच आला. एका पडद्याला हजारो सुटे भाग लागतात. चिपच्या टंचाईत एखादाच भाग आला नाही तर बाकीचे सगळे भाग, पैसे भरून घेतलेले, गोदामात पडून राहतात. भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत तर रोकड संपते, न घ्यावेत तर ऑर्डर अडते. पडदा मैदानात उभा राहिल्यावरच उरलेली रक्कम हाती येते. म्हणजे वाढ जितकी वेगाची, तितकी मधली दरी रुंद. २०२३च्या मे महिन्यात नवं बँक कर्ज आणि एका गुंतवणूकदाराकडून शेअरमध्ये बदलता येणारी २.५ कोटी डॉलरची कर्जरक्कम उभी राहिली. भाग येऊ लागले आणि अडकलेला माल पडदे होऊन बाहेर पडला. एप्रिल २०२४ला संपलेल्या वर्षात विक्री ८१.८ कोटी डॉलर झाली, तोवरची सर्वाधिक.

आपल्याकडे पाच-दहा माणसांचा वर्कशॉप चालवून फलक बनवणारे बरेच आहेत. त्यांना हीच दरी लहान आकारात रोज भेटते. नगरपालिकेची किंवा क्रीडा मंडळाची ऑर्डर घेताना आगाऊ रक्कम निदान मॉड्यूल, कार्ड आणि वीजपुरवठा यांच्या खरेदीइतकी मागावी. मॉड्यूल हातात आल्याशिवाय उद्‌घाटनाची तारीख देऊ नये. जादा मॉड्यूलांचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहावा, म्हणजे घासाघीस करताना तो पहिला कापला जात नाही. आणि फलकाच्या पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवावा: मॉड्यूलांचा गट क्रमांक, कार्डाचं मॉडेल, कार्डात भरलेल्या सेटिंग फाइलचं नाव, कोणत्या वीजपुरवठ्यावर कोणते मॉड्यूल. पाच वर्षांनी सामन्याच्या आदल्या रात्री जो कोणी शिडी लावून ती पेटी उघडेल, त्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.